एकशे एकोणऐंशीवा दिवस

१

पत्र सकाळी आलं. धाकटीने ते आधी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. 'तुमच्या दुकानातले अडतीस शर्ट एकाच माणसाने एकाच पत्त्यावर मागवले आहेत. ही खरेदी खोटी असल्याचा संशय आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत खुलासा करा, अन्यथा दुकान कायमचं बंद करण्यात येईल.' खाली अडतीस चित्रांची यादी होती. सगळी तिच्या नवऱ्याच्या हातची होती.

या घरात शर्टांचं दुकान होतं, पण शर्ट एकही नव्हता. चित्र काढायचं, संगणकावरच्या बाजारात लावायचं आणि वाट बघायची. कुणी मागवलं तरच छपाईवाला ते चित्र कोऱ्या शर्टावर छापणार आणि पाठवणार. माल पडून राहत नाही, म्हणून तोटा नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं, आणि म्हणूनच सगळे या धंद्यात उतरतात. मांजराचा शर्ट शोधायला जावं तर लाखभर मांजरं अंगावर येतात. त्या गर्दीत हे दुकान चार वर्षं टिकलं ते तिच्या मोठ्या दिराच्या चिकाटीने. थोरला मांजरांच्या वाटेला गेला नाही. लिफ्ट दुरुस्त करणारे, रात्रपाळीच्या नर्सबाई, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, ज्यांच्यासाठी कुणी शर्ट काढत नाही अशी माणसं तो हुडकायचा. धाकटा चित्र काढायचा, धाकटी त्याखाली चार ओळी लिहायची, आणि सगळ्या घराचं पोट चालायचं.

धाकटा दहा महिन्यांपूर्वी गेला. आजार कळल्यावर शेवटच्या दीड महिन्यात त्याने गिऱ्हाइकाचा विचार सोडून दिला आणि मनाला येईल ते काढलं. एकोणचाळीस चित्रं. दोरीवर वाळणारा एकटा मोजा, मोडक्या पायाचं स्टूल, गळका नळ, टेबलावर झोपी गेलेला थोरला. असले शर्ट कोण घेणार?

पण गेल्या काही महिन्यांत ते विकले गेले होते. एकेक करून.

दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं धाकटीचं सगळं अंग दहा महिने होतं. ती उठायची, कामं करायची, कुणी विचारलं तर बोलायची. त्या बधिरपणात एकच गोष्ट तिला कळायची. त्याचं एखादं चित्र गेलं की कुठल्यातरी रस्त्यावर कुणीतरी अनोळखी माणूस ते छातीवर घालून चालला असेल, असं तिच्या डोळ्यांपुढे यायचं.

आता पत्र सांगत होतं की तसं कुणी नव्हतंच.

"हे बाहेरच्याचं काम नाही," थोरला तिच्या खांद्यामागून वाचत म्हणाला. पंखा पाचवर फिरत होता, तरी त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. "बाहेरच्याला काय पडलंय आपलं?"

मागच्या खोलीतून आत्या बाहेर आली. "मग आतल्यांनाच तपासू या," ती म्हणाली. "तारखा काढ गं."

२

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. तयार शर्टाच्या कॉलरमधून अंगठा फिरवायचा आणि चूक सापडली की खडूने फुली मारायची, हे तिचं काम. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. अजून तिच्या खिशात खडू असायचा आणि घरातल्या माणसांकडेही ती उलटी शिवण बघावी तशी बघायची. तिच्यापुढे खोटं बोलायला घरात कुणी धजावत नसे.

धाकटीने तारखा वाचून दाखवल्या. आत्याने त्या खडूने फरशीवर लिहून घेतल्या.

"आता प्रत्येक चित्र बाजारात कधी लावलं, तेही सांग."

धाकटीने तेही सांगितलं. आत्या बोटांवर दिवस मोजत बसली. मग तिने पहिल्या ओळीपुढे एक आकडा लिहिला. दुसरीपुढे तोच. तिसरीपुढे तोच.

"एकशे एकोणऐंशी," ती म्हणाली. "सगळ्यांपुढे एकशे एकोणऐंशी. काय आहे गं हे?"

धाकटीच्या आधी थोरलाच बोलला. "बाजाराचा नियम आहे, आत्या. एकशे ऐंशी दिवसांत एकही शर्ट गेला नाही, तर ते चित्र आपोआप काढून टाकतात. एक गेला की पुढचे एकशे ऐंशी दिवस मिळतात."

"म्हणजे अडतीस चित्रं मरायच्या आदल्या दिवशी वाचली."

"असं म्हण."

"कारखान्यात एखाद्या शर्टाचं बटण वाकडं असलं तर ती चूक," आत्या म्हणाली. "अडतीस शर्टांची बटणं सारखीच वाकडी असली तर तो कुणाचातरी हात. कुणाचे किती दिवस उरले ते कुणाला दिसतं?"

संगणक समोरच्या खोलीत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात उरलेले दिवस दिसायचे, आणि पंधराच्या खाली गेले की आकडा तांबडा व्हायचा. धाकटी तो बघायची. थोरला बघायचा. अण्णा, म्हणजे सासरे, दिवसभर याच खोलीत खुर्ची टाकून बसायचे. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण तांबडा आकडा वाचायला काय लागतं? आणि चित्रांच्या फायली नीट बसवायला छपाईवाल्यालाही दुकानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दिलेला होता. आत्ता पडद्यावर एकच आकडा तांबडा होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तू घेतलेस?" आत्याने धाकटीला सरळ विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"भाऊजी म्हणत होते काढून टाक. मला बटण दाबवेना. म्हटलं आपोआप जातील, आपल्याला हात लावायला नको."

आत्या थोरल्याकडे वळली.

"मी कशाला घेईन?" तो म्हणाला. "बाजार आपल्याला पाचशे चित्रांची जागा देतो. त्यातली एकोणचाळीस यांनी अडवलेली. तेवढ्या जागेत मी खपणारी चित्रं लावली असती. जे विकत नाही ते काढायचं, हे मी पहिल्या दिवसापासून ओरडतोय. विचार हिला."

ते खरंच होतं. टेबलावर झोपलेल्या स्वतःच्या चित्रावरून तर तो आजारी भावाशी भांडलाही होता, आणि भिंतीपलीकडून धाकटीने ते ऐकलं होतं.

"उकडत नाही का रे तुला?" आत्याने मध्येच विचारलं.

"सर्दी झालीय."

आत्याने मान डोलावली आणि चपला घातल्या. "चल गं. छपाईवाल्याकडे."

३

छपाईवाल्याला सगळे निळ्या म्हणत. शाईने त्याची नखं कायमची निळी झाली होती. त्याच्या गाळ्यात चार यंत्रं होती आणि कोऱ्या शर्टांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या होत्या.

"दर शर्टामागे तुला मजुरी मिळते," आत्या बसायच्या आधीच म्हणाली. "तूच मागवलेस, तूच छापलेस, असं तर नाही?"

निळ्या हसला. "आत्याबाई, अडतीस शर्टांच्या मजुरीत माझं यंत्र धुऊनसुद्धा होत नाही. पण मला ते लक्षात आहेत. विचित्र होते."

"विचित्र म्हणजे?"

बाजार दुकानदाराला फक्त चित्र आणि तारीख सांगतो. माप, रंग आणि पत्ता छपाईवाल्यालाच कळतो. निळ्याने जुन्या नोंदी काढल्या आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"बघा. सदतीस शर्ट पांढरे, लहान मुलांचं सगळ्यात लहान माप. दोन वर्षांच्या पोराला होईल एवढं. पाठवायची घाई नाही, साधी डाक. एकच वेगळा आहे. काळा, मोठं माप."

धाकटीने पडद्याकडे बघितलं. या घरात लहान मूल नव्हतं.

"पांढरा आणि लहान का?" तिने विचारलं.

"स्वस्त पडतो ना. रंगीत घ्या, मोठा घ्या, किंमत चढत जाते. यापेक्षा स्वस्त माझ्याकडे काहीच नाही."

"हे बाहेरच्या माणसाला माहीत असतं?"

"किमती काय, पानावर लिहिलेल्या असतात. पण एवढा विचार करून कोण घेतो?" निळ्याने मान खाजवली. "मला वाटलं तुमचीच काहीतरी जाहिरात असेल, म्हणून बोललो नाही. पत्ता तुमचाच होता ना."

"आमचा?"

निळ्याने बोट ठेवलं. धाकटीने पत्ता वाचला. तो अण्णांच्या लाँड्रीचा पत्ता होता. लाँड्री बंद होऊन सहा वर्षं झाली होती, आणि शटरची किल्ली फक्त अण्णांच्या कमरेला असायची.

४

"मीच मागवले," अण्णा म्हणाले.

त्यांनी इतक्या चटकन सांगितलं, की आत्याने किल्लीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. ते खुर्चीतून उठले नव्हते. डोळे भिंतीवर होते.

"पोराची आठवण म्हणून घेतले. गुन्हा केला का? लिही त्या बाजाराला, म्हाताऱ्याने घेतले म्हणून."

थोरला दारात उभा होता.

"लिहिते," आत्या म्हणाली. "पण आधी बघू तर दे. चल."

लाँड्री दोन गल्ल्या सोडून होती. शटर कुरकुरत वर गेलं. आत जुन्या साबणाचा वास अजून होता. गिऱ्हाइकांचे गठ्ठे ठेवायच्या फळ्यांवर नंबर लिहिलेले होते, आणि त्याच फळ्यांवर पाकिटं ओळीने लावलेली होती. पाकिटांवर फक्त चित्राचं नाव होतं. धाकटीने एकेक वाचलं. स्टूल. नळ. बंद घड्याळ. खिडकीतला पाय. ती वाचत गेली आणि तिला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याची तिला भीती वाटली.

आत्याने मोजलं. सदतीस बंद पाकिटं होती. अडतिसावं फोडलेलं, रिकामं.

"एकही उघडलं नाहीस?" तिने अण्णांना विचारलं. "आठवणीसाठी घेतलेस ना?"

"उघडवलं नाही."

"बरं. कुठल्या मापाचे घेतलेस?"

"त्याच्याच मापाचे. मोठे. दुसरे कशाला घेईन?"

आत्याने समोरचं एक पाकीट घेतलं, कडा फाडली आणि आतला शर्ट बाकावर टेकलेल्या अण्णांच्या मांडीवर पसरला. तो त्यांच्या दोन तळव्यांत मावत होता. त्यावर गळका नळ होता, अगदी लहान.

अण्णा त्या इवल्याशा शर्टाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या बाह्या आत घेतल्या, आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे घडी केले तशी हलक्या हाताने घडी केली, आणि रडायला लागले. कुणाला वाचवताहेत ते त्यांनी सांगितलं नाही. आत्यानेही विचारलं नाही.

"दादा, तुझं नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "लहानपणीही माझ्या चुका तूच अंगावर घ्यायचास."

तिने रिकामं पाकीट उचलून उजेडात धरलं. त्यावरचं नाव वाचलं आणि खिशातला खडू काढून पाकिटावर फुली मारली.

"चला घरी. अडतिसावा शर्ट कुठे आहे ते मला सकाळपासून माहीत आहे."

५

खुलासा द्यायला अजून एक दिवस होता, पण आत्याने कुणाला बसू दिलं नाही.

"ज्याला आठवण हवी असते, तो त्या माणसाच्या मापाचा शर्ट घेतो," ती म्हणाली. "हे दादाच्या उत्तरावरूनच कळलं. ज्याने घेतले त्याला शर्ट नकोच होता. त्याला चित्र बाजारात राहायला हवं होतं, आणि तेही कमीत कमी पैशांत. स्वस्त माप, स्वस्त रंग, साधी डाक. आणि दिवस? एक दिवसही आधी नाही. आधी घेतला तर पुढचे दिवस वाया जातात. चित्राच्या प्रेमात पडलेल्या माणसाला एवढा हिशेब सुचत नाही. निळ्याला स्वस्त काय ते माहीत होतं, पण लाँड्रीची किल्ली त्याच्याकडे नव्हती. दादाकडे किल्ली होती, पण माप माहीत नव्हतं. हिला तर बटणही दाबवत नव्हतं. मग उरलं कोण?"

पंख्याचा आवाज येत होता.

"किल्ली तू दादाकडून मागून नेत होतास," आत्या थोरल्याला म्हणाली. "चेन खाली कर."

"आत्या..."

"चाळीस वर्षं कॉलरी बघितल्यात मी. जाकिटाच्या आत काळा गळा दिसतोय सकाळपासून. निळ्याकडचा शर्ट आहे, दुहेरी शिवणीचा. धुऊन धुऊन विटलाय."

थोरल्याने चेन खाली केली. काळ्या शर्टावर टेबल होतं. टेबलावर डोकं टेकून तो स्वतः झोपला होता. गालाखाली हिशेबाचं यंत्र दबलं होतं, आणि त्याच्या पडद्यावर ओळीने आठच आठ उमटले होते. खाली धाकट्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'निव्वळ नफा'.

"मी त्याला म्हटलं होतं, हे कोण घेणार?" थोरला म्हणाला. "तो म्हणाला, तूच घेशील." त्याने घसा खाकरला. "हा एक माझ्यासाठी घेतला. बाकीचे..."

तो धाकटीकडे बघत नव्हता.

"तू चार महिने धड जेवत नव्हतीस. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. मग एक दिवस संगणकावरून उठलीस आणि म्हणालीस, भाऊजी, आज त्याचा मोजा गेला. त्या दिवशी तू दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. चार दिवसांनी पहिला आकडा एकवर आला. मी म्हटलं, जाऊ दे, एवढा एक घेऊ. दुसऱ्या दिवशी अजून एक आला. मग थांबायचं कसं ते कळेना. काढून टाक म्हणून ओरडत राहिलो, तुला संशय येऊ नये म्हणून."

धाकटीला रागावायचं होतं. त्याच्या या उपकाराने सगळं दुकान पणाला लागलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, रस्त्यांवरून त्याची चित्रं घालून चाललेली तिची सगळी माणसं एका फटक्यात नाहीशी झाली होती. तिथे फक्त फळ्या होत्या, आणि बाहुलीला होतील एवढे शर्ट.

"म्हणजे कुणालाच आवडली नव्हती," ती म्हणाली.

६

खुलासा तिनेच लिहिला. बाजाराचे नियम तिने वाचले होते. घरच्यांनी केलेली खरेदी पहिल्यांदाच सापडली आणि कबूल केली, तर तेवढी विक्री रद्द होते आणि दुकान राहतं. पण विक्री रद्द झाली की दिवसांची गणतीही मागे जाणार, आणि एकशे ऐंशी दिवस तर केव्हाच उलटून गेले होते. कबूल करायचं म्हणजे चित्रं घालवायची. कबूल केलं नाही तर चित्रंही जाणार आणि दुकानही.

"थांब," थोरला म्हणाला. "दुसरं काहीतरी सांगू."

"काय सांगणार?"

धाकटीने चार ओळी लिहिल्या. हे शर्ट आमच्याच घरातल्या माणसाने घेतले, आमच्याच घरातल्या दुसऱ्या माणसासाठी. त्यामागे विक्री फुगवायचा हेतू नव्हता. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. दहा महिने जे बटण तिला दाबवत नव्हतं, ते तिने दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. दुकान राहिलं. चित्रं एकेक करून पडद्यावरून गेली. स्टूल, नळ, घड्याळ. थोरला तिच्या मागे उभा होता, उघड्या चेनीने. अण्णांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली होती. लिफ्टवाले आणि नर्सबाई जागच्या जागी राहिल्या, आणि मध्ये अडतीस रिकाम्या जागा दिसायला लागल्या. नव्या चित्रांसाठी.

"संपलं?" आत्याने विचारलं.

"संपलं," धाकटी म्हणाली आणि पडदा बंद करायला हात पुढे केला.

मग तिचा हात थांबला. कोपऱ्यात एक तांबडा आकडा होता. बारा. त्याच्या वर दोरी होती आणि दोरीवर एकटा मोजा वाळत होता.

तिने बाजाराचं पत्र पुन्हा उघडलं आणि यादीवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. यादीत अडतीस नावं होती आणि त्याने चित्रं काढली होती एकोणचाळीस.

"भाऊजी, मोजा कितव्या दिवशी घेतलात?"

"मोजा मी नाही घेतला," थोरला म्हणाला. "काल सांगितलं ना. मोजा आधी गेला, त्यानंतर मी सुरू केलं."

आत्याने मोजा लावल्याची आणि गेल्याची तारीख विचारली आणि फरशीवर वाकून हिशेब केला. "एकशे त्रेसष्टावा दिवस," ती म्हणाली. "ना धड आधी, ना धड शेवटी. खोटं काम मेलं वेळेवर होतं."

धाकटीने निळ्याला फोन लावला. त्याला नोंद शोधायला थोडा वेळ लागला. नाव सांगता येणार नाही, तो म्हणाला, नियम आहे. पण शहर लांबचं होतं, त्याने कधी न ऐकलेलं. मोठं माप, गडद हिरवा रंग.

"माझ्याकडचा सगळ्यात महाग," निळ्या म्हणाला. "आणि वरून घाईच्या डाकेचे पैसे भरलेत. काय माणूस असतो बघा, जराही हिशेब नाही."

धाकटीने फोन ठेवला. तिला आत कुठेतरी दुखायला लागलं होतं. दाताच्या सुईचा असर उतरताना आधी दुखतं, हे तिला ठाऊक होतं, तरी तिला ते सोसेना. तिने टेबलाची कड घट्ट धरली. थोरल्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि ती रडत असताना तो पडद्यावरच्या तांबड्या आकड्याकडे बघत राहिला.

"बारा दिवसांनी हाही जाईल," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही घ्यायचा नाही."

"नाही."

"पांढरा नाही, लहान नाही, कुठलाच नाही."

"नाही घेणार, म्हटलं ना."

तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि मोज्याचं पान उघडलं. चित्राखाली चार ओळी लिहायचं काम तिचं होतं. त्या दीड महिन्यात त्याच्या एकाही चित्राखाली तिने काही लिहिलं नव्हतं, लिहायला हात वळला नव्हता. जागा कोरीच होती. मग तिने लिहायला सुरुवात केली, हा मोजा कुणाचा होता आणि दुसरा कुठे गेला ते.